विकाऊ वेळातली शांतता

कार्ल फिलिप्स मरतो तेव्हा त्याची किंकाळी ऐकू येत नाही. त्याचं वाक्यसुद्धा पुरं होत नाही. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात, विल्मथ नावाच्या शेतकऱ्याच्या रानात तो ध्वनिक्षेपक घेऊन उभा असतो. समोरच्या खड्ड्यातून काहीतरी वर आलेलं असतं. ज्वाळा पसरतात, माणसं ओरडत धावतात आणि हा गडी बातमीदाराच्या इमानाने अंतर सांगत राहतो: आग इकडेच येते आहे, उजव्या हाताला, वीसेक यार्डांवर आली. मग ध्वनिक्षेपक कोसळल्याचा एक आवाज, आणि त्यानंतर काहीही नाही. संगीत नाही, निवेदक नाही, गर्दीचा गलकासुद्धा नाही.

पाच-सहा सेकंदांचा हा रिता तुकडा म्हणजे अमेरिकन नभोवाणीच्या सुवर्णकाळातली माझ्या लेखी सर्वांत मोठी जागा. ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजून गेलेले. सीबीएसवर ‘मर्क्युरी थिएटर ऑन द एअर’मध्ये एच. जी. वेल्स यांच्या १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या, मंगळवासीयांच्या स्वारीच्या कादंबरीवरची श्रुतिका चालली होती. संहिता हॉवर्ड कॉच यांची, संगीत बर्नार्ड हरमन यांचं, आणि स्टुडिओत चौथऱ्यावर उभं राहून सगळ्यांना इशारे देणारा, स्वतः प्राध्यापक पिअरसन हे पात्रही करणारा ऑर्सन वेल्स तेव्हा २३ वर्षांचा होता. श्रुतिका खरी बातमी वाटून त्या रात्री उडालेल्या घबराटीच्या कहाण्या सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की वृत्तपत्रांनी ती घबराट पुष्कळ फुगवली होती. काही लोक खरोखर हादरले, पण देश रस्त्यावर आला वगैरे झालं नाही. त्या वेळी बहुतेक श्रोते दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गन आणि त्याचा बोलका बाहुला चार्ली मॅकार्थी यांचा कार्यक्रम ऐकत होते. मला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या घबराटीच्या गोष्टीखाली ती श्रुतिका गाडली गेली. ती कानाने, सावकाश ऐकण्याजोगी कलाकृती आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

त्या पाच-सहा सेकंदांचं मोल कळायला अमेरिकन रेडिओचा व्यवहार माहीत असावा लागतो. तिथली नभोवाणी सरकारी नव्हती. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने हार्डिंग विरुद्ध कॉक्स या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले, ती सुरुवात मानतात. पण त्या नभोवाणीचा खरा स्वभाव ठरला ऑगस्ट १९२२मध्ये. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावरून एका घरबांधणी कंपनीने पैसे मोजून हवेतला वेळ घेतला आणि जॅक्सन हाइट्समधल्या सदनिकांचं गुणगान केलं. तिथून पुढे वेळ हाच माल झाला. १९२६मध्ये एनबीसी आणि १९२७मध्ये सीबीएस ही जाळी उभी राहिली, आणि साबण, कॉफी, सिगारेट, दंतमंजन यांच्या उत्पादकांनी संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने विकत घेतल्या. १९४०च्या जनगणनेच्या वेळी दर पाचांपैकी चार घरांत रेडिओ होता. अशा बाजारात गप्प बसणं म्हणजे पैसे नुसते ओतून देणं. शिवाय शांतता हा दोष समजला जाई: कुठे तार तुटली असेल, कुठे दिवा गेला असेल, श्रोता हात पुढे करून खुंटी फिरवील. म्हणून बाहेरून येणारी जोडणी मध्येच तुटली तर खड्डा भरायला स्टुडिओत पियानोवादक तयार बसवलेला असे.

ऑर्सन वेल्सने नेमका तो पियानोवादक वापरला आहे. फिलिप्सचा आवाज कापला जातो, शांतता पसरते, आणि मग निवेदकाचा अतिशय शिष्ट, इस्त्री केलेला आवाज येतो. आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे ग्रोव्हर्स मिलहून चाललेलं प्रक्षेपण पुढे चालू ठेवता येत नाही, असं तो सांगतो. पाठोपाठ पियानो. एकटा, गोड, काही ठाऊकच नसल्यासारखा. माणसं जळून गेली आहेत आणि केंद्राची शिस्त मोडलेली नाही, ही जोडी अंगावर काटा आणते. किंचाळणाऱ्या व्हायोलिनांनी हे साधलं नसतं. हरमन यांच्यासारखा पुढे ‘सायको’ या भयपटाचं संगीत करणारा संगीतकार हाताशी असताना इथे पोकळी ठेवायची आणि नंतर साधा पियानो, हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

शिवाय ही पोकळी एकदम टाकलेली नाही, तिच्यासाठी जमीन तयार केलेली आहे. श्रुतिकेचा आरंभ कंटाळवाणा आहे, आणि तो मुद्दाम तसा आहे. हवामानाचा अंदाज, मग हॉटेल पार्क प्लाझाच्या मेरिडियन रूममधून रामोन राकेल्लो आणि त्यांचा वाद्यवृंद. असा कुणी राकेल्लो नव्हताच. पण नाचाचं ते संगीत इतकं बेताचं, इतकं रोजचं आहे की खोटं वाटायला जागा नाही. त्यात एक बातमी शिरते, मग पुन्हा नाच. मग वेधशाळेत पिअरसन यांची मुलाखत, तिच्यामागे घड्याळाची टिकटिक, आणि पुन्हा संगीत. जॉन हाउसमन हे वेल्सचे सहकारी आणि निर्माते. त्यांनी आठवणींत लिहिलं आहे की तालमीत वेल्सने हे संथ तुकडे सहकाऱ्यांचा विरोध डावलून आणखी ताणले, इतके की स्टुडिओतल्यांना ते असह्य वाटू लागलं. पण त्या ताणण्यातच खरी किमया आहे. श्रोत्याचं घड्याळ एकदा त्या संथ चालीला लागलं की पुढे वेल्स काळाला वाटेल तसा हाकू शकतो. चाळीस मिनिटांत यानं उतरतात, सैन्य हरतं, न्यूयॉर्क पडतं. वर्तमानपत्रात ही हकिकत वाचली तर कुणीही हिशेब मांडून म्हणेल, हे शक्य नाही. कानाला मात्र हिशेब येत नाही.

फिलिप्सचं काम करणारा फ्रँक रीडिक हा कसलेला नट. त्याने तयारीसाठी एक ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्याच लेकहर्स्ट इथे ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज उतरताना पेटलं, ३६ माणसं गेली. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राचा हर्बर्ट मॉरिसन तिथे तबकडीवर वर्णन मुद्रित करत होता. शांत, जरासं अलंकारिक वर्णन चाललेलं, आणि एका क्षणात त्याचा आवाज फाटतो. तो रडतो, शब्द एकमेकांवर चढतात, आणि मग आता मला बोलवत नाही, जरा थांबतो, असं म्हणून तो खरोखर थांबतो. मॉरिसनचं हे थांबणं कला नव्हे, माणसाचं कोसळणं आहे, आणि त्याचं रसग्रहण करू नये एवढी लाज मला आहे. रीडिकने मात्र त्यातून एक गोष्ट अचूक उचलली: भीती आवाज मोठा करत नाही, वाक्याची घडी बिघडवते. त्याचा फिलिप्स सुरुवातीला थोडा दिमाखात बोलतो, शेतकरी विल्मथला ध्वनिक्षेपकाजवळ या, जरा मोठ्याने बोला असं सांगत राहतो. भीती वाढते तशी त्याची विशेषणं गळतात. शेवटी उरतात दिशा आणि अंतर.

त्याआधीचा एक आवाज जवळून ऐकावा. आकाशातून पडलेल्या नळकांड्याचं तोंड आतून फिरवून उघडलं जातं, तो आवाज. सीबीएसच्या ध्वनिपरिणाम विभागाच्या प्रमुख ओरा निकोल्स या बाई होत्या, आणि त्यांच्या चमूने हा आवाज स्वच्छतागृहात बरणीचं झाकण सावकाश फिरवून काढला, असं त्या मंडळींच्या आठवणी सांगतात. धातूवर धातू घासल्याचा तो ओरखडा घुमत येतो, कारण तिथल्या फरशीच्या भिंती तो परतवतात. घरात सगळ्यांनी रोज ऐकलेला आवाज इतका मोठा आणि इतका पोकळ झाला की त्याला ओळख राहत नाही.

श्रुतिकेची दुसरी मोठी शांतता न्यूयॉर्क पडताना येते. इमारतीच्या गच्चीवरून शेवटचा निवेदक, रे कॉलिन्सच्या आवाजात, काळा धूर रस्त्यारस्त्याने कसा येतो ते सांगतो आणि तोही संपतो. मग कुणी हौशी बिनतारी यंत्रवाला हवेत साद घालतो: कुणी आहे का? कुणीच नाही का? उत्तर येत नाही. पहिल्या शांततेत तार तुटली होती, इथे तार शाबूत आहे आणि तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस नाही. पहिलीत दचकायला होतं, दुसरीत खिन्नता आहे. एकाच अर्ध्या तासात शांततेचे असे दोन वेगळे रंग लावणारी दुसरी श्रुतिका मी ऐकलेली नाही. त्यानंतरची वीस मिनिटं मात्र उतरती आहेत. पिअरसन एकटा भटकतो, बोलत राहतो, आणि वेल्सचा तो भारदस्त आवाज स्वतःच्या प्रेमात पडल्यासारखा होतो. बातमीपत्राचं रूप सोडून पुस्तकाकडे परतल्यावर ती जादू ओसरते. मी बहुधा तिथेच थांबतो.

निवेदकाचं हे पात्र वेल्सला आयतं सापडलेलं नव्हतं. ११ एप्रिल १९३७ रोजी ‘कोलंबिया वर्कशॉप’मध्ये आर्चिबाल्ड मॅक्लीश यांचं ‘द फॉल ऑफ द सिटी’ हे पद्यनाट्य झालं. त्यात निवेदक होता वेल्स, वय २१. नभोवाणीवर निवेदकाला कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही, तो रोज घरात असतोच, ही मॅक्लीश यांची हेरणी. गर्दीचा खरा घुमारा मिळावा म्हणून न्यूयॉर्कमधल्या सेव्हन्थ रेजिमेंट आर्मरीच्या प्रचंड दालनात दोनेकशे माणसं उभी केली होती. नाटकाच्या शेवटी विजेता चिलखत घालून चौकात येतो, लोक जमिनीवर पालथे पडतात, तो शिरस्त्राणाची जाळी उघडतो, आणि आत कुणीच नसतं. चिलखत रिकामं आहे. हे एकटा निवेदक पाहतो, बाकीचे तोंड वर करत नाहीत. रंगमंचावर हे रिकामं चिलखत प्रेक्षकालाही दिसलं असतं आणि तो शहाणा ठरला असता. इथे श्रोतासुद्धा त्या पालथ्या पडलेल्यांतलाच एक. त्याला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. पद्य आज थोडं जड वाटतं, रूपक उघडं वाटतं, तरीही ही एक जागा अभंग आहे.

या मंडळींची शांतता कल्पनेतली. दोन वर्षांत खरी शांतता आली, अटलांटिकपलीकडून.

२४ ऑगस्ट १९४०च्या शनिवारी रात्री सीबीएस आणि बीबीसी यांनी मिळून ‘लंडन आफ्टर डार्क’ हा कार्यक्रम केला. लंडनमधल्या वेगवेगळ्या ठिकाणी वार्ताहर ठेवलेले: एक सॅव्हॉय हॉटेलच्या मुदपाकखान्यात, एक हॅमरस्मिथच्या नाचघरात. सीबीएसचा वार्ताहर एडवर्ड मरो ट्राफल्गार चौकात, सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चच्या पायऱ्यांवर उभा होता. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजू लागतो. मरो फार थोडं बोलतो. एक शोधदिवा लागला, एक बस गेली, एवढंच. मग तो ध्वनिक्षेपक जमिनीलगत नेतो, आणि आश्रयस्थानाकडे जाणाऱ्या लोकांची पावलं ऐकू येतात.

या पावलांवर मी कितीही वेळ थांबू शकतो. ती धावत नाहीत. टाच, चवडा, टाच, चवडा. कुणाची घाईची चार पावलं, मग पुन्हा त्याच चालीत. बुटांचे नाल दगडावर वाजतात. लघुलहरींवरून समुद्र ओलांडून येताना आवाज चढतो, विरतो, त्यात खरखर मिसळते, आणि त्या सगळ्यातून ही ठाम चाल येत राहते. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, आणि पडावं की न पडावं यावर देशात कडाक्याचा वाद चालला होता. मरोला मत मांडायची मुभा नव्हती. सीबीएसचा दंडक होता की वार्ताहराने बाजू घेऊ नये. त्याने बाजू घेतली नाही. त्याने फक्त ध्वनिक्षेपक खाली केला. लंडनची माणसं घाबरून पळत नाहीत, हे वाक्य तो उच्चारला असता तर तो प्रचार ठरला असता. पावलांना कुणी प्रचार म्हणू शकलं नाही. मत न मांडता मत पोहोचवण्याची ही कला पुढे पत्रकारितेत पुष्कळांनी उचलली, पण एवढ्या कमी सामग्रीत कुणी केलेली मला माहीत नाही.

मरोच्या प्रसिद्ध सुरुवातीतही एक थांबा आहे. ‘धिस’ म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग ‘इज लंडन’. हा थांबा त्याला सुचवला होता आयडा लू अँडरसन या त्याच्या कॉलेजातल्या वक्तृत्वाच्या शिक्षिकेने. लहानपणी पोलिओने शरीर वाकलेल्या या बाईंनी आपल्या सर्वांत लाडक्या विद्यार्थ्याचं प्रक्षेपण दूर वॉशिंग्टन राज्यात ऐकून त्याला कळवलं की पहिल्या शब्दावर जोर दे आणि थांब. त्या थांब्यामुळे वाक्याचा अर्थच वजनदार होतो: हे जे तुम्ही आता ऐकणार आहात, ते. त्याच्या १९४३च्या बर्लिनवरच्या बॉम्बफेकीच्या आणि एप्रिल १९४५च्या बुखेनवाल्डच्या वृत्तांतांची कीर्ती मोठी आहे आणि ती रास्त आहे. पण मला चौकातला मरो अधिक प्रिय आहे, कारण तिथे त्याने शब्दांवरचा हक्क सोडला.

पुन्हा कल्पनेच्या घरात यायचं तर ‘सॉरी, राँग नंबर’शिवाय गत्यंतर नाही. २५ मे १९४३, सीबीएसची ‘सस्पेन्स’ ही मालिका, लेखिका ल्यूसिल फ्लेचर. त्या तेव्हा बर्नार्ड हरमन यांच्या पत्नी होत्या आणि मालिकेचं शीर्षकसंगीत हरमन यांचं, म्हणजे भीतीचा हा सगळा कारभार एकाच घरातून चालला होता. गोष्ट साधी. मिसेस स्टीव्हन्सन ही अंथरुणाला खिळलेली, चिडखोर, श्रीमंत बाई. नवऱ्याला फोन लावताना तारा एकमेकींत अडकतात आणि तिला दोन पुरुषांचं बोलणं ऐकू येतं: आज रात्री सव्वा अकराला एका बाईला मारायचं, तेव्हा पुलावरून आगगाडी जाते, तिच्या धडधडीत किंकाळी बुडेल. पुढचा अर्धा तास ती ऑपरेटर, पोलीस, तारघर, रुग्णालय यांना फोन करत राहते.

अ‍ॅग्नेस मूरहेड ही मर्क्युरी थिएटरमधलीच नटी. तिचं इथलं सर्वांत मोठं धैर्य हे की ती बाईला प्रेमळ होऊ देत नाही. मिसेस स्टीव्हन्सन हुकूम सोडते, समोरच्या ऑपरेटरला झापते, स्वतःच्या दुखण्याचं भांडवल करते. आपल्याला तिचा त्रास होऊ लागतो, तेवढ्यात घड्याळ पुढे सरकलेलं असतं. मग मूरहेड आवाजातली ऐट एक-एक पदर करून काढते. आधी वाक्यांच्या शेवटचा तोरा जातो. मग मध्येच श्वास ऐकू येऊ लागतो. नंतर शब्दांआधी श्वास येतो. आणि समोरच्या सगळ्या ऑपरेटर मुली शेवटपर्यंत तितक्याच सभ्य, तितक्याच गोड, तितक्याच दूर. त्यांना शिकवलेलं वाक्य त्या म्हणतात. त्यांच्यात एकही वाईट माणूस नाही. मदत मागणाऱ्या बाईला सगळं शहर नम्रपणे नकार देतं, ते नियमाप्रमाणे.

शेवटी गाडी येते. लांबून येणारी धडधड वाढते, किंकाळीवर चढते, आणि उतरू लागते. गाडी गेल्यावर एक मोकळी जागा राहते. तारेच्या पलीकडे पोलीस ठाण्याचा हवालदार बोलत असतो, अलीकडे कुणी फोन उचलतं, आणि मग ते शीर्षकातलं वाक्य, सहज, सभ्य आवाजात. गाडी आणि वाक्य यांच्यामधली ही मोकळी जागा जराशी कमी पडली तर श्रोत्याला काय झालं ते कळायला वेळ मिळत नाही, जराशी जास्त झाली तर गोंधळ. गंमत नव्हे, पण खरं आहे: पहिल्याच प्रक्षेपणात नेमका तिथला इशारा चुकला आणि पुष्कळ श्रोत्यांना शेवट धड उमगला नाही. नाटकं तेव्हा थेट होत असत. मोठी जाळी मुद्रित कार्यक्रमांना सहसा थारा देत नसत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पुन्हा झालं, आणि पुढे १९६०पर्यंत मूरहेडने ते ‘सस्पेन्स’वर एकूण आठ वेळा केलं. १९४८चा बार्बरा स्टॅनविकचा चित्रपट चांगला आहे. पण त्यात नवरा दिसतो, त्याचा भूतकाळ दिसतो, कट दिसतो, आणि सगळं दिसल्यामुळे ती खोली एकाकी राहत नाही. रेडिओवरच्या बाईपाशी फोनच्या तारेपलीकडे काहीच नाही, आणि श्रोत्यापाशी तिच्यापलीकडे काही नाही.

भीतीने एवढी जागा खाल्ली, पण शांततेवर हुकूमत गाजवली ती एका विनोदी नटाने. जॅक बेनी १९३२पासून नभोवाणीवर होता. त्याने उभा केलेला ‘जॅक बेनी’ हा एक चिक्कू, गर्विष्ठ, वर्षानुवर्षं ३९व्या वर्षीच अडकलेला माणूस. तळघरात तिजोरी, दाराशी खोकत चालणारी जुनी मॅक्सवेल गाडी. २८ मार्च १९४८च्या रविवारी त्याने शेजारी रोनाल्ड कोलमनचं ताजं ऑस्कर उसनं आणलं आहे आणि रात्री तो ते घेऊन एकटा घरी चालला आहे. पावलांचा आवाज. अंधारातून एक चोर पुढे होतो. काडी मागतो, मग पिस्तूल रोखून विचारतो: पैसे देतोस की प्राण?

बेनी गप्प.

काही क्षण स्टुडिओतले प्रेक्षकही गप्प असतात. मग एक-दोघं हसतात, मग हशा पसरत जातो, कारण एकेकाच्या ध्यानात येऊ लागतं की हा माणूस घाबरलेला नाही, हा हिशेब करतो आहे. विनोद कुणी सांगितलेलाच नाही. तो प्रत्येकाने स्वतः पुरा केला आहे. चोर चिडून पुन्हा विचारतो, आणि बेनी वैतागून ओरडतो की मी विचार करतो आहे. मैफलीत कसलेला गवई समेच्या अलीकडे अडून राहतो आणि सगळी बैठक सम मनातल्या मनात आधीच घेऊन टाकते, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की बेनीला ही बैठक जमवायला सोळा वर्षं लागली. दर रविवारी थोडा थोडा चिक्कूपणा श्रोत्याच्या कानात साठवला, म्हणून त्या रात्री बोलायची गरज पडली नाही.

हा नभोवाणीवरचा सर्वांत लांब हशा होता अशी दंतकथा आहे. मुद्रण ऐकलं की ती खरी नाही हे कळतं. हशा जोरदार आहे, पण काही सेकंदांचाच. ‘मी विचार करतो आहे’ ही ओळ जन्मली तीही अशाच शांततेतून. बेनीचे लेखक मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकाबेरी हे दोघं चोराच्या प्रश्नापाशी अडले होते. टॅकाबेरी कोचावर आडवा पडून गप्प. जोसेफ्सबर्गने तगादा लावला, काहीतरी सुचव की! त्यावर तो खेकसला की विचार करतोय. दोघंही क्षणभर थबकले आणि मग त्यांना कळलं की उत्तर मिळालं आहे.

त्या अर्ध्या तासाचा प्रायोजक होता लकी स्ट्राइक सिगारेट. कार्यक्रम सुरू होतो तो तंबाखूच्या लिलाववाल्याच्या आरोळीने. तो आकडे इतके भरभर म्हणतो की शब्द वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसती गुणगुण. मग घोषणा, मग पुन्हा घोषणा. कंपनीने घेतलेला एकही सेकंद वाया गेलेला नाही. हे मुद्रण आज सहज मिळतं. पुष्कळ ठिकाणी चोराचा तेवढा तुकडाच कापून ठेवलेला असतो, तो ऐकू नये. लिलाववाल्यापासून ऐकावं, ऑस्कर कसं उसनं घेतलं ते ऐकावं, मधल्या सिगारेटच्या जाहिरातीही सोडू नयेत. एवढं ऐकून झाल्यावर, त्याच कंपनीच्या पैशांत आणि तिच्याच वेळात, बेनी किती लांब थांबला ते नीट कळतं.